गोड द्राक्षं आंबट करण्याची जादू

जानेवारीतल्या एका रविवारी भाच्याबरोबर मिसळ खायला गेले होते. गंगापूर रोडने शहराबाहेर पडलं की मळ्यांमध्ये पत्र्याच्या शेडखाली चुलीवरची मिसळ देतात, त्यातलंच एक ठिकाण. दहा वाजून गेले तरी ऊन अंगाला लागत नव्हतं. मटकीवर काळा रस्सा, त्यावर तर्रीचा लालभडक थर, बाजूला पापड नि दही. पहिल्याच घासाला ठसका लागला, नाक-डोळे वाहायला लागले, आणि मी पर्समध्ये रुमाल शोधत असताना भाचेबुवांनी विचारलं, "मावशी, ती मालिका बघून संपली ना? मग कुठे रडलीस?"

'रडलीस का' असं नाही विचारलं. 'कुठे रडलीस'. परीक्षेचा पेपर कसा गेला असं न विचारता थेट किती मार्क पडले विचारावं, तसं. मी रुमालाने डोळे टिपत म्हटलं, "पहिल्याच भागात रे. ते दफन करतात तेव्हा." त्याचा चेहरा असा काही उजळला की सांगता सोय नाही. "म्हटलं होतं ना मी!" म्हणाला, आणि त्या आनंदात दोघांसाठी आणखी रस्सा मागवला.

खोटं होतं ते. त्या प्रसंगाला मी उठून गॅसवरचं दूध बघून आले होते.

आता एवढ्याशा खोट्याचं काय मोठंसं. शेजारणीचे टणक लाडू, जावेची साडी, साहेबांच्या मुलाच्या लग्नातलं जेवण, या सगळ्याला छान म्हणत अर्धं आयुष्य गेलंय माझं. पण हे खोटं दाढेत अडकलेल्या मटकीसारखं राहिलं. जीभ सारखी तिथेच जायची. एका कार्टूनसाठी आपण खोटं का बोललो? (कार्टून म्हटलेलं भाच्याला खपत नाही. जपानी असलं की अ‍ॅनिमे म्हणायचं.)

मालिका म्हणजे 'फ्रीरेन'. आमच्या आत्या पंढरीबद्दल ज्या सुरात बोलायच्या, त्याच सुरात हा मुलगा गेली दोन वर्षं तिच्याबद्दल बोलतोय. दहापैकी नवाच्या वर गुण, 'फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड' वर्षानुवर्षं अ‍ॅनिमेवाल्यांच्या यादीत पहिल्या जागी बसली होती तिला हिने खाली ओढलं, कॉलेजात सगळ्यांनी बघितली, होस्टेलवरची दणकट पोरं हुंदके देऊन रडली, वगैरे. मग माझ्या ऑफिसातल्या एका मुलीनेही तेच सांगितलं. मग बहिणीने, जी चहाच्या जाहिरातीलाही रडते. जो तो आधी रडण्याचं सांगायचा, गोष्ट नंतर. दिवाळीत भाच्याने शेवटचं अस्त्र काढलं: जानेवारी २०२६ मध्ये दुसरा सीझन येतोय, त्याआधी पहिला संपव, आणि पहिले चार भाग एका बैठकीत बघ, कारण जपानमध्ये २९ सप्टेंबर २०२३ ला ते चार भाग सलग दोन तास सिनेमासारखे दाखवले होते. एवढी तारीखवार माहिती त्याला त्याच्या अभ्यासातली असती तर बहीण सुखाने झोपली असती.

मी ओझरच्या पुढे एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हिशोब बघते. जानेवारी ते एप्रिल आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, पण डिसेंबर जरा सैल असतो. अठ्ठावीस भाग, एकेक चोवीस मिनिटांचा, म्हणजे अकरा तास आणि वर थोडं. हिशोब केला, आणि एका शनिवारी रात्री गोधडी पांघरून लॅपटॉप मांडीवर घेतला. निफाडचा पारा किती उतरला ते सकाळीच पेपरात आलं होतं. बागायतदार रात्री बागांत शेकोट्या पेटवून बसण्याचे ते दिवस. फ्रीरेन या शब्दाचा जर्मनमध्ये अर्थ गोठणं, असं भाच्याने सांगून ठेवलेलं, त्यामुळे मला हसू आलं. पात्रांची नावं सगळी जर्मन. हिमेल म्हणजे आकाश. जपान्यांनी जर्मन नावं कशाला घेतली म्हणून विचारलं तर म्हणाला, "व्हाइब असते ग." मूळ जपानी नावात मात्र 'सोसो' असा शब्द आहे, त्याचा अर्थ मेलेल्या माणसाला पोचवणं. आपल्याकडे 'मातीला जाऊन आलो' म्हणतात ना, तसलं काहीतरी. हे कळल्यावर मी जरा सावरून बसले. मातीला जाणाऱ्या बाईची गोष्ट. बघू या.

आणि सुरुवात खरंच सुरेख आहे. चौघं जण राक्षसांच्या राजाला मारून दहा वर्षांनी परत येतात. इतर गोष्टी जिथे संपतात तिथून ही निघते. हिमेल हा वीर, हायटर हा दारूबाज धर्मगुरू, आयझेन हा बुटका योद्धा, आणि फ्रीरेन ही हजाराहून जास्त वर्षं जगलेली जादूगारीण. आकाशात उल्का पडताना चौघं बघतात. पुन्हा पडतील त्या पन्नास वर्षांनी. ती सहज म्हणते, तेव्हा आणखी चांगली जागा दाखवीन. तिला पन्नास वर्षं म्हणजे आपला आठवडा. ती येते तेव्हा हिमेल टकला, वाकलेला म्हातारा झालेला असतो.

इथे मी लॅपटॉप थांबवला होता, पण आजीसाठी. नाशकात वर्षं मोजायचं माप सिंहस्थ. आमची आजी कुणाचं वय वर्षांत सांगायचीच नाही. "तू सिंहस्थातली," "त्याचं लग्न मागच्या सिंहस्थाच्या आदल्या साली," "हे घर घेतलं तेव्हा साधू आले होते." बारा वर्षांनी एकदा. मला आठवणारा पहिला सिंहस्थ शाळेतला, तेव्हा आजी मला गर्दीत हरवू नये म्हणून पदराला बांधून घाटावर घेऊन गेली होती. २००३ चा तिने गॅलरीतून बघितला. २०१५ ला ती नव्हती. आता २०२७ चा येतोय. शहर आत्तापासून उकरून ठेवलंय, तपोवनातल्या झाडांवरून भांडणं झाली, आणि रिक्षावाले प्रत्येक खड्ड्याला "सिंहस्थाचं काम" म्हणतात. माणसाच्या हातात असे सहा-सात येतात फार तर. त्यातला पहिला समजत नाही नि शेवटचा झेपत नाही. तर त्या उल्कांचं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी तयार होते.

पण मालिका समजावून सांगत राहते, आणि तिथेच आमचं बिनसलं.

म्हणजे असं. हिमेल गेल्यावर फ्रीरेन नव्या दोघांना घेऊन निघते, फर्न नि स्टार्क. एका गावात जातात. तिथे काहीतरी छोटं काम, पुतळा घासणं, समुद्रकिनारा झाडणं. मग तिला आठवतं, ऐंशी वर्षांपूर्वी हिमेलनेही इथे असंच केलं होतं. व्हायोलिन सुरू. आणि मग कुणीतरी ते बोलून दाखवतं: मला वाटतं हिमेलने हे अशासाठी केलं असेल. पहिल्यांदा छान वाटलं. दुसऱ्यांदाही. सहाव्यांदा मला व्हायोलिन कधी येणार ते अगोदर कळायला लागलं, जसं सत्यनारायणाच्या कथेत शंख कधी वाजणार ते कळतं. आणि हा हिमेल! जरा स्वतःच्या रूपावर खूश असतो एवढाच त्याचा दोष, नाहीतर दहा वर्षांत माणूस कधी चिडत नाही, कुणाचे पैसे बुडवत नाही, चुकीचा वागत नाही. गावोगाव स्वतःचे पुतळे उभे करवतो, तर तेही म्हणे पुढे फ्रीरेन एकटी पडू नये म्हणून. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे ठीक, पण अठ्ठावीस भाग?

आमच्याकडे माल खुडण्याआधी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतात. मणी चिरडून रसाचा थेंब त्या नळीच्या काचेवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची, डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर आकडा दिसतो. सतरा, अठरा. आकडा आला की बागायतदाराचा जीव भांड्यात पडतो. पण पॅकहाउसमधल्या जुन्या बायकांना विचारा. कात्रीने घडातले खराब मणी काढता काढता एखादा तोंडात टाकतात नि म्हणतात, "गोड हाये, पन चव न्हाई." आंबटपणा पार उतरला की साखर एकटी पडते. अठराचा आकडा असतो, पण जिभेला पकडायला काही सापडत नाही. माझं या मालिकेशी तसं झालं. चित्रं अप्रतिम, एकेका पानावरचं दव दिसतं. आवाज इतके बारीक की कपडे घडी करतानाची सळसळ ऐकू येते. सकाळी न उठणारी फ्रीरेन, तिला पेटाऱ्यात अर्धी अडकलेली बघून कपाळाला हात लावणारी फर्न, हे सगळं मी मजेत बघितलं. आकडा नवाच्या वर का, ते मला दिसत होतं. जीभ मात्र कोरडीच.

राक्षसांचं तर मला पटलंच नाही. यातले राक्षस माणसासारखे दिसतात, बोलतात, पण त्यांना भावना नसतात. माणसाला फसवायला शब्द वापरतात. एका आठवणीत राक्षसाची पोर मरता मरता "आई" म्हणते, म्हणून हिमेलचा हात थांबतो, गावचा मुखिया तिला घरात घेतो आणि पुढे तीच त्याचा जीव घेते. का म्हणालीस आई? तर तो शब्द उच्चारला की माणसं मारायची थांबतात म्हणून. प्रसंग अंगावर येतो, खोटं कशाला सांगू. पण जी गोष्ट दुसऱ्याला समजून घेण्याची, तिने एका अख्ख्या जमातीला 'यांना समजून घ्यायचंच नसतं' म्हणून मोकळं व्हावं? भाच्याचा आवडता भाग नेमका हाच, पाचशे वर्षांच्या राक्षशिणीला फ्रीरेन थंड डोक्याने संपवते तो. तो तीन वेळा बघितलाय त्याने. शेवटचे दहा-अकरा भाग जादूगारांची परीक्षा. त्याबद्दल एवढंच सांगते की मी त्यात ऑफिसच्या दोन महिन्यांच्या पावत्या लावून घेतल्या.

एकदा, मी कॉलेजात असताना, कालिदास कलामंदिरात एका गाजलेल्या नाटकाला अण्णांनी आम्हाला नेलं होतं. तिकिटं मिळत नव्हती, कुणाकडून तरी मिळवली होती. पडदा पडल्यावर अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, पुढच्या रांगेतल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. मी तिसऱ्या प्रवेशातच पेंगले होते आणि टाळ्यांनी जागी झाले. घाबरून अण्णांकडे बघितलं. ते उभे होते, टाळ्या वाजवत नव्हते, हात पाठीमागे बांधलेले. बाहेर येऊन बटाटेवडा खाताना आईने विचारलं, "कसं वाटलं?" अण्णा म्हणाले, "बरंय."

अण्णांचं सगळ्याला बरंयच असायचं. नाटक बरंय, माझे दहावीचे मार्क बरंय, जावई बरंय. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, होते ते. तिकडच्या माणसांना आत काय चालतं ते बाहेर न बोलण्याची सवय लागते. अण्णांनी ती सवय घरभर पसरवली होती. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं, तेव्हा ते दाढीचा साबण चेहऱ्यावर तसाच ठेवून आमच्या मागे उभे राहायचे. शेरखान बोलायला लागला की, आवाज नाना पाटेकरांचा, वस्तरा हवेत थांबायचा. ते जपानी अ‍ॅनिमे होतं हे मला चाळिशीत कळलं. तेव्हा कुणी आम्हाला ते बघायच्या आधी भारी आहे म्हणून सांगितलं नव्हतं, कुठे रडायचं तेही नाही. लागायचं, म्हणून बघायचो. साबण वाळून अण्णांच्या गालाला भेगा पडायच्या. आई म्हणायची, काय ते लहान पोरासारखं. अण्णा म्हणायचे, "बरंय ग."

अण्णा गेले ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, मोठ्या पुरानंतर. नाशिकचा पूर आम्ही गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: गुडघ्याला पाणी, छातीला पाणी, डोक्यावरून पाणी. त्या साली मारुती दिसेनासा झाला होता. दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो तेव्हा पाणी उतरलेलं, पण पायऱ्यांवर गाळाचा थर, चप्पल उचलली की पच्च आवाज यायचा. ओल्या मातीचा, फुलांचा, कुजलेल्या पालापाचोळ्याचा एक वास. लांब लांबून लोक अस्थी घेऊन तिथे येतात, आणि आम्ही त्याच घाटावरून भाजी घेऊन घरी जाणारी माणसं. पिंड ठेवला. कावळा येईना. अर्धा तास झाला. काका हात जोडून एकेक वचन द्यायला लागले: वहिनींकडे मी बघेन, घराचं मी बघेन, पोरीला काही कमी पडू देणार नाही. झाडावर पाच-सहा कावळे बसलेले, त्यांना काही घेणं नव्हतं. अण्णांची कुठली इच्छा राहिली असेल यावर बायकांत कुजबुज. मला वाटलं, इच्छा राहिली असती तरी अण्णांनी सांगितली थोडीच असती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला.

आणि मी कोरडी ठणठणीत. गुरुजींची दक्षिणा, सामानाची यादी, तेराव्याच्या स्वयंपाक्याला आगाऊ, असा हिशोब डोक्यात चाललेला. एक चुलत आत्या जवळ आली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड बाई, मोकळी हो." मी मान हलवली. जरा वेळाने तीच आत्या दुसरीला सांगताना ऐकलं, "पोरगी घट्ट आहे हो. एक टिपूस नाही."

हिमेलच्या दफनाच्या प्रसंगात हेच आहे. मी दूध बघून परत आले तेव्हा तो पूर्ण निघून गेला नव्हता, नंतर मागे जाऊन पुन्हा बघितला, दोनदा. शवपेटी ठेवलेली. फ्रीरेन कोऱ्या चेहऱ्याने उभी. मागून गर्दीतली माणसं कुजबुजतात, हिला बघा, दुःखाचा लवलेश नाही चेहऱ्यावर, किती निष्ठुर. मी गोधडीतून सरळ उठून बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूला येऊन उभं राहिलं होतं. एक हजार वर्षांची, पांढऱ्या केसांची, लांब कानांची बाई, पण उभी होती अगदी तशीच.

मग माती लोटतात, आणि ती रडते. मला या माणसाबद्दल काहीच माहीत नाही, म्हणते, दहाच वर्षं तर बरोबर होतो, जाणून घ्यायचा प्रयत्न का केला नाही मी. मित्र डोक्यावरून हात फिरवतात. गर्दीचं समाधान होतं. जगभरातल्या होस्टेलांतल्या पोरांचंही. एक मीच तिथे तशी उभी राहिले.

माझी निराशा ती. बाकीचं, व्हायोलिन, राक्षस, परीक्षा, ते मी नंतर त्यावर चढवलेलं आहे हे आता कळतंय. जिला दहा वर्षं म्हणजे दोन दिवस, जी एकेका जादूच्या पोथीसाठी महिनोन्महिने घालवते, तिला रडू बरोबर मातीच्या वेळी, सगळ्यांसमोर, पहिल्या चोवीस मिनिटांच्या आत कसं येतं? तिच्या मापाने तिला ते पन्नास वर्षांनी यायला हवं होतं. कुठल्यातरी गावात, भाजी निवडताना. किंवा यायलाच नको होतं. लिहिणारा त्या गर्दीला घाबरला, असं माझं मत. ते चुकीचंही असेल.

चुकीचं असेल असं म्हणते, कारण मधेच एक प्रसंग आहे जिथे तो अजिबात घाबरलेला नाही. हिमेल तिला एक अंगठी घेऊन देतो. तिने उगीच उचललेली, त्यावर जे फूल कोरलंय त्याचा अर्थ शाश्वत प्रेम, आणि ते तिला माहीत नाही. तो गुडघा टेकून तिच्या बोटात घालतो, तिला काही कळत नाही, आणि तो सांगतही नाही. तिथे मी श्वास धरून बसले होते. आणि दुसरी एक फालतू गोष्ट. फ्रीरेन निरुपयोगी जादू गोळा करते: गंज काढण्याची, गरम चहा येण्याची, तसल्या. त्यातली एक जादू गोड द्राक्षं आंबट करण्याची आहे. कारण आयझेनला आंबट आवडतात. आमच्या बागायतदारांना सांगितलं तर त्या बाईला जिल्हाबंदी करतील. वर्षभर छाटण्या, फवारण्या, डिपिंग, शेकोट्या करून आणलेली साखर घालवायची, ती एका माणसाला आवडतं म्हणून. याच्यावर कुणी बोलून दाखवलं नाही, व्हायोलिन वाजलं नाही. मला ते कुठल्याही दफनापेक्षा जास्त लागलं.

फेब्रुवारीत खुडा जोरात असताना भाचा ऑफिसात आला. बहिणीने सुट्या मण्यांची पेटी न्यायला पाठवलेलं. प्रीकूलिंगच्या दारातून थंड हवेचा लोट येत होता, बाहेर कंटेनर लागलेला, मला पाच मिनिटंही नव्हती. त्याने टेबलावरची ब्रिक्सची नळी उचलून डोळ्याला लावली, उलटीकडून. मी म्हटलं, "अरे, त्या मिसळीच्या दिवशी मी खोटं बोलले. मी नव्हते रडले."

त्याने नळी खाली ठेवली. "पूर्ण बघितलीस का पण?"

"अठ्ठावीसच्या अठ्ठावीस."

मग पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. कंटेनरचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. मी माझं सगळं सांगितलं, कुजबुज, माती, चोवीस मिनिटं. तो आधी रुसला, मग उसळला. "अगं, रडते तेव्हा तिला स्वतःलाच कळत नाही ती का रडतेय! ते कळायलाच तर पुढचा सगळा प्रवास आहे. रडून मोकळी झाली असती तर घरी नसती का गेली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर गाडी चालवतानाही सापडलं नाही. राक्षसांबद्दल मात्र मी हटले नाही, आणि परीक्षेचे भाग जरा लांबले हे त्याने कबूल केलं, जरा म्हणजे अगदी जरा. पेटीतले मणी तो बोलता बोलता खात होता. एखादा आंबट लागला की डोळा मिटायचा नि लगेच दुसरा उचलायचा.

"मला आजोबांचा तो गवताचा कावळा आठवतो फक्त," मधेच म्हणाला. तेव्हा तो शाळेत होता. "प्रेसमध्ये काय करायचे ग ते?"

"तिकिटं. पोस्टाची."

"तिकिटांचं काय पण? छापायचे? कापायचे? डिंक लावायचे?"

मी तोंड उघडलं नि तसंच मिटलं. तिकिटाच्या कडेची भोकं आठवली, मोजणी आठवली, पण ती सगळी शाळेच्या सहलीत कुणीतरी सांगितलेली. आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मला कुठे काय सांगायचे?" आई म्हणाली. "डबा रिकामा आणायचे, एवढंच. पण रात्री मोरीत बसून बोटं घासायचे बघ, दगडाने. कधी लाल, कधी हिरवी. निळा रंग फार चिवट, आठ-आठ दिवस जायचा नाही."

"निळं कुठलं तिकीट होतं, आजी?" भाच्याने विचारलं.

"ते नाही बाई मी विचारलं कधी," आई म्हणाली, आणि गॅस बारीक करायला गेली.